शिशाच्या काडतुसांचा हट्ट सोडा: शिकारी संघटनांना खुले पत्र

प्रति,
शिशाच्या काडतुसांवरील बंदीला विरोध करणाऱ्या सर्व शिकारी संघटनांचे पदाधिकारी आणि सभासद

स.न.वि.वि.

शिकार असावी की नसावी, हा वाद मला या पत्रात घालायचा नाही. त्यावर माझी मते आहेत, तुमचीही आहेत, आणि एका पत्राने ती बदलतील असा माझा भ्रम नाही. मला बोलायचे आहे ते तुम्ही मारून आणलेल्या प्राण्याच्या मांसाबद्दल, आणि ते मांस ज्यांच्या ताटात पडते त्यांच्याबद्दल. ती माणसे बहुतेक वेळा तुमच्याच घरची असतात.

शिशाच्या गोळ्यांचा वाद इतकी वर्षे पक्ष्यांभोवती फिरतो आहे. एकीकडे पाणथळ जागांत मरणारी बदके आणि विषबाधेने लुळे पडलेले गरुड, दुसरीकडे तुमची परंपरा, काडतुसांचा खर्च आणि सरकारी ढवळाढवळीचा राग. या गदारोळात शिकाऱ्याच्या घरातल्या मुलांची कोणी आठवण काढत नाही. वर्षभर फ्रीझरमधले हरणाचे मांस खाणारे, अजून शाळेतही न जाणारे मूल या वादात कोणाच्याच बाजूला नाही. म्हणून आधी त्याच्या ताटाबद्दल लिहितो. पक्ष्यांकडे नंतर येईन.

रायफलची नेहमीची शिकारी गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ आवरणात बसवलेले शिसे. जनावराच्या अंगात शिरताच गोळीचे तोंड फुलावे, जखम रुंद व्हावी आणि जनावराने तडफडत न राहता लवकर प्राण सोडावा, यासाठी ती तशी घडवलेली असते. हेतू चांगलाच आहे. पण शिसे मऊ असते, आणि त्या वेगाने हाडामांसावर आदळले की ते फुलता फुलता फुटते. एका गोळीचे शंभराहून जास्त तुकडे होणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. त्यातले मोठे तुकडे हाताला लागतात, दाताखाली येतात, थुंकून टाकता येतात. बाकीचे इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेलाही कळत नाहीत.

यावर तुमचे ठरलेले उत्तर मला माहीत आहे: ‘आम्ही जखमेभोवतीचे मांस कापून टाकतो.’ टाकत असालच. पण किती? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने २००८ मध्ये मेलेल्या जनावरांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. शिशाचे कण जखमेपासून १८ इंचांपर्यंत पोचलेले आढळले. मांस पाण्याने धुतल्यावर ते निघून जाण्याऐवजी आणखी पसरले. गोळीच्या भोकाभोवती सगळीकडून दीड-दीड फूट मांस काढून टाकायचे, तर हरणाचे उरणार काय?

दुसरा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो मला अधिक बोलका वाटतो, कारण त्यात प्रयोगशाळेतली कृत्रिम परिस्थिती फारशी नव्हती. शिकाऱ्यांनी नेहमीच्या शिशाच्या गोळ्यांनी मारलेली ३० हरणे नेहमीच्याच खाटकांकडे दिली गेली. त्यांनी नेहमीप्रमाणे मांस साफ केले, खिमा केला, पाकिटे भरली. मग त्या पाकिटांचे एक्स-रे काढले. खिम्याच्या २३४ पाकिटांपैकी ३२ टक्क्यांत धातूचे तुकडे निघाले. हरणांच्या हिशेबाने पाहिले तर ३० पैकी २४ हरणांच्या खिम्यात निदान एक तरी तुकडा होता. म्हणजे धंद्यात मुरलेल्या हातांनी साफ केलेल्या मांसाची ही गत. पुढे ते मांस डुकरांना खाऊ घातले. डुक्कर निवडले कारण त्याची पचनसंस्था माणसाशी बरीच जुळते. दोन दिवसांत त्यांच्या रक्तातले शिसे सरासरी २.२९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत चढले. शिसे नसलेले मांस खाणाऱ्या डुकरांत ते ०.६३ होते. ‘धातूचा तुकडा आहे, पोटातून तसाच बाहेर पडतो’ हे वाक्य मी तुमच्या गोटातून अनेकदा ऐकले आहे. त्या डुकरांच्या बाबतीत तरी ते खरे ठरले नाही.

छर्ऱ्यांची गोष्टही फार वेगळी नाही. छर्रा अंगात तसाच राहतो, पण हाडावर घासून त्याचे कण मागे उरतात. शिवाय व्हिनेगर किंवा वाइन घालून मांस शिजवले, तर आंबटपणामुळे शिसे आणखी विरघळते. ग्रीनलंडमध्ये छर्ऱ्यांनी मारलेले समुद्रपक्षी जे जास्त खातात, त्यांच्या रक्तात शिसेही जास्त सापडले. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये ज्या रुग्णांच्या आंत्रपुच्छात गिळलेले छर्रे अडकून बसले होते त्यांचे रक्त तपासले, त्यातही शिशाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते.

आता तुमचा सर्वांत आवडता आकडा.

२००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठीच्या अन्नपेढ्यांना दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसे सापडले आणि तो खिमा टाकून द्यावा लागला. त्यानंतर अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, राज्याच्या आरोग्य विभागाबरोबर ७३८ लोकांचे रक्त तपासले. शिकारीचे मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसे सरासरी ०.३० मायक्रोग्रॅमने जास्त निघाले, आणि एकाचाही आकडा १० च्या वर नव्हता. तेव्हापासून ‘पाहा, कोणालाच धोका नाही’ असे म्हणत तुम्ही हा अभ्यास मिरवत आला आहात.

अभ्यास चांगला आहे, प्रश्न त्याच्या वाचनाचा आहे. एक तर त्या ७३८ जणांत लहान मुले फारच थोडी होती, आणि खरा घोर मुलांचाच आहे. दुसरे, तेव्हा जी १० ची रेघ धोक्याची मानली जायची ती आता तिथे नाही. सीडीसीने मुलांसाठी ती २०१२ मध्ये ५ वर आणली आणि २०२१ मध्ये ३.५ वर. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मुलांच्या बुद्ध्यांकातल्या एका गुणाच्या घटीचा संबंध रक्तातल्या १.२ मायक्रोग्रॅम शिशाशी जोडला. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी शिशासाठी पूर्वी ठरवलेली साप्ताहिक मर्यादा मागे घेतली, आणि तिच्या जागी नवी मर्यादा दिली नाही, कारण आरोग्य सुरक्षित राहील असा आकडा सांगता येत नाही असे तिचे मत पडले. तुम्ही ज्या आकड्याला टेकून बसला आहात, त्याच्या खालची जमीन केव्हाच सरकली आहे.

आणि सरासरी हा प्रकार मोठा फसवा असतो. शिशाचे कण मांसात सारखे पसरलेले नसतात. नऊ पाकिटे स्वच्छ निघतील आणि दहाव्यात सगळे साठलेले असेल. ते दहावे पाकीट कोणाच्या ताटात जाईल हे सरासरी सांगत नाही.

शरीरात शिरलेले शिसे कॅल्शियमची जागा घेते. मोठ्या माणसाचे आतडे अन्नातल्या शिशापैकी साधारण दहावा हिस्सा शोषते, लहान मुलाचे निम्म्यापर्यंत, कारण वाढत्या हाडांना कॅल्शियम हवे असते आणि शरीराला दोहोंतला फरक कळत नाही. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्म्यावर येते. पण ते सगळेच बाहेर जात नाही, बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि दशकानुदशके तिथेच राहते. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतले कॅल्शियम सुटू लागते, तेव्हा तिने लहानपणी खाल्लेले शिसेही त्याच्यासोबत निघते आणि वारेतून बाळापर्यंत पोचते. प्रौढांत ते रक्तदाब चढवते, मूत्रपिंडांना इजा करते. मुलांत ते मेंदूच्या घडणीत खोडा घालते. या सगळ्यात ना ताप, ना वेदना. मूल थोडे चंचल वाटते, अभ्यासात थोडे मागे पडते, आणि घरातले म्हणतात, आहेच ते तसे. शिकारीचे मांस खाऊन कोणी मेल्याचे दाखवा, असे आव्हान तुमच्यातले काही देतात. शिसे अशा पद्धतीने मारत नाही, म्हणून तर पेट्रोलमधून ते हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले.

जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने सात वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि मूल होऊ देऊ इच्छिणाऱ्या स्त्रिया यांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या प्राण्याचे मांस टाळावे असे स्पष्ट सांगितले आहे. ब्रिटनच्या अन्नमानके संस्थेनेही २०१२ पासून असा सल्ला दिलेला आहे. मला तुमच्याकडून एवढेच जाणून घ्यायचे आहे की हे सल्ले तुमच्या किती सभासदांच्या घरी पोचले? तुमच्या मासिकांत दुर्बिणीचे कौतुक पानभर असते. हा सल्ला कुठे छापला होता?

युरोपीय संघात गाय, शेळी-मेंढी, डुक्कर आणि कोंबडीच्या मांसात शिशाची कमाल मर्यादा किलोमागे ०.१० मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त निघाले तर माल विकता येत नाही. रानातल्या शिकारीच्या मांसाला मात्र अशी मर्यादाच नाही. हे नैसर्गिक, स्वच्छ, औषधे न टोचलेले मांस, असे म्हणून तुम्ही ते मिरवता. यातली पहिली आणि तिसरी गोष्ट मान्य.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो पुरावा इतका जुना आणि भक्कम आहे की त्यावर वाद घालणे म्हणजे वेळ घालवणे. बदके दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, आणि खड्यांबरोबर तळाशी पडलेले छर्रे गिळतात. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद केले. पुढे मिसिसिपी खोऱ्यातल्या मॅलार्ड बदकांचा अभ्यास झाला, तेव्हा शिशाने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. शिकारी तेव्हाही म्हणत होते की पोलादी छर्ऱ्यांनी पक्षी नुसते जायबंदी होतील आणि बदकांची शिकारच संपेल. ती संपली नाही. कॅलिफोर्नियाचा काँडोर, म्हणजे मेलेली जनावरे खाणारा गिधाडासारखा मोठा पक्षी, १९८२ मध्ये अवघा २२ उरला होता. पिंजऱ्यात वाढवून त्याला पुन्हा रानात सोडले, तर शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन तो शिशाने मरू लागला. हे शिसे कुठून आले यावर शंका घेतल्या गेल्या, म्हणून शास्त्रज्ञांनी शिशाच्या समस्थानिकांची, म्हणजे त्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणाची, तुलना केली, आणि काँडोरच्या रक्तातल्या शिशाची ओळख काडतुसांतल्या शिशाशी जुळली. गरुडांचे आकडे २०२२ साली आले: अमेरिकेच्या ३८ राज्यांतले १२१० गरुड तपासले, जवळपास निम्म्यांच्या हाडांत दीर्घकालीन विषबाधेइतके शिसे. एवढे पुरे.

आता येतो तुमच्या मुख्य मुद्द्याकडे. तुम्ही म्हणता, कायदा नको, आम्ही आपणहून बदलू.

ब्रिटनमध्ये हे करून पाहिले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या नऊ नेमबाजी आणि ग्रामीण संघटनांनी एकत्र येऊन जाहीर केले की पाच वर्षांत शॉटगनच्या, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या, शिकारीतून शिसे आपणहून हद्दपार करू. हे निवेदन प्रामाणिक होते, असे मी मानून चालतो. केंब्रिज विद्यापीठाच्या पुढाकाराने संशोधकांनी दरवर्षी बाजारातून फेझंट पक्षी विकत आणले आणि त्यांच्या अंगातले छर्रे तपासले. पहिल्या हंगामात १८० पैकी १७९ पक्षी शिशाने मारलेले होते. आणि पाचव्या, म्हणजे मुदत संपल्याच्या हंगामात? ९९ टक्के. पाच वर्षे आवाहने झाली, लेख छापले गेले, प्रात्यक्षिके झाली आणि आकडा जागचा हलला नाही. अखेर जुलै २०२५ मध्ये सरकारने बंदी जाहीर केली आणि बदलासाठी तीन वर्षांची मुदत दिली. ज्यांनी कायदा टाळण्यासाठी शब्द दिला, त्यांच्याच शब्दाने कायदा ओढवून घेतला.

तुमच्या बाजूने एक उदाहरण आहे, ते मी लपवणार नाही. ॲरिझोनात काँडोरच्या प्रदेशात राज्याच्या वन्यजीव विभागाने २००५ पासून शिकाऱ्यांना शिसेविरहित काडतुसे फुकट दिली, प्रत्येकाशी बोलून कारण समजावले, आतडी उचलून आणणाऱ्यांना बक्षिसे ठेवली. तिथे दहातले आठ-नऊ शिकारी सहभागी झाले. म्हणजे शिकारी ऐकत नाहीत हे खोटे आहे. पण हा कार्यक्रम ठरावीक परवान्यांच्या मर्यादित प्रदेशात चालला, त्याला सरकारी पैसा होता आणि माणसे होती. यातले तुमच्या संघटनांनी स्वतः काय केले? फुकट सोडा, निम्म्या दरात एक खोके काडतुसे कोणत्या सभासदाला दिलीत? नुसत्या ठरावाला ‘स्वेच्छा’ म्हणायचे आणि कायद्याची चर्चा निघाली की तो ठराव पुढे करायचा, याला ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात.

तुमच्या काही हरकती खऱ्या आहेत आणि त्यांची थट्टा करणाऱ्यांवर माझाही राग आहे. पोलादाची घनता ७.८, शिशाची ११.३. पोलादी छर्रा लवकर वेग गमावतो, म्हणून दोन आकार मोठा छर्रा घ्यावा लागतो आणि अंतराचा अंदाज नव्याने शिकावा लागतो. जुन्या, पातळ नळीच्या, घट्ट चोकच्या (म्हणजे तोंडाशी नळी अरुंद केलेल्या) बंदुकीत जास्त दाबाची पोलादी काडतुसे वापरणे धोक्याचे आहे. आजोबांची बंदूक ज्याच्याकडे आहे त्याला ‘नवी घ्या’ म्हणणे सोपे, पण ते त्याच्यावर अन्यायाचे आहे. बिस्मथ या मऊ धातूचे छर्रे त्या बंदुकीत चालतात, पण महाग पडतात. टंगस्टन त्याहून महाग. .२२ इंच व्यासाच्या बारीक रायफल गोळ्यांना शिशाविना अजून तोलामोलाचा पर्याय नाही, आणि ब्रिटनने बंदी आणताना त्या वगळल्या हे मला शहाणपणाचे वाटते. मोठ्या रायफलींचे मात्र तसे नाही. संपूर्ण तांब्याची गोळी फुलते, जवळजवळ अखंड राहते आणि हरीण तितक्याच खात्रीने पाडते. काही जुन्या नळ्यांना ती मानवत नाही आणि नेम पुन्हा लावून घ्यावा लागतो. पण हा सरावाचा प्रश्न आहे, हक्काचा नाही.

डेन्मार्कने शिशाचे छर्रे १९९६ मध्ये पूर्ण बंद केले आणि एप्रिल २०२४ पासून शिकारी रायफलच्या शिशाच्या गोळ्याही. तिथे आजही शिकार होते, बंदुका विकल्या जातात, हंगाम भरतो. बंदीने शिकार मरते म्हणणाऱ्यांनी तिथल्या एखाद्या शिकाऱ्याला विचारून घ्यावे.

मला तुमच्या अविश्वासाचे मूळही कळते. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या संचालकांनी मावळत्या सरकारच्या शेवटच्या दिवशी आपल्या जमिनींवर शिशाची काडतुसे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश काढला. मार्चमध्ये नव्या मंत्र्यांनी कारभार हाती घेताच तो रद्द केला. शिकाऱ्यांशी न बोलता जाता जाता काढलेला आदेश आणि वाचण्याच्या आधीच फाडलेला आदेश, दोन्ही मला सारखेच बेजबाबदार वाटतात. शिशाच्या बंदीआडून शिकारच बंद पाडू पाहणारे लोक आहेत, तेही मान्य. पण त्यांच्यावरचा राग काढायला तुम्ही आपल्या पोरांचे ताट निवडले आहे.

म्हणून तुमच्याकडे काही मागण्या आहेत. शिशाच्या गोळीने मारलेल्या प्राण्याचे मांस दान देणे तुमच्या संघटनांनी या हंगामापासून थांबवावे. दान घेणाऱ्याला निवड नसते. त्याच्या ताटात काय जाते याची जबाबदारी देणाऱ्याची आहे, आणि यासाठी कोणत्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. परवान्याच्या प्रशिक्षणात, तुमच्या मासिकात आणि मेळाव्यात गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठीचा सल्ला ठळक अक्षरांत द्यावा. सभासदांच्या फ्रीझरमधली खिम्याची काही पाकिटे निवडून त्यांचे एक्स-रे तुम्हीच काढून घ्यावेत आणि जे दिसेल ते सभासदांना दाखवावे. बाहेरच्या शास्त्रज्ञांवर भरवसा नसेल तर स्वतःच्या डोळ्यांवर ठेवा.

आणि सरकारपुढे जाल तेव्हा बंदी रोखायला जाऊ नका. अटी घालायला जा. मुदत किती हवी, कोणत्या बंदुकांना सूट हवी, काडतुसांच्या दरातल्या फरकासाठी पहिली काही वर्षे काय मदत हवी, कारखान्यांनी बिस्मथ आणि तांब्याचा पुरवठा कसा वाढवावा, हे तुमच्याइतके नेमके कोणालाच सांगता येणार नाही. तुम्ही चर्चेत नसाल तर कायदा तरीही होईल, फक्त तो ज्यांनी कधी काडतूस हातात धरलेले नाही अशांनी लिहिलेला असेल.

उत्तर दिलेत तर तेही जाहीर द्यावे, ही विनंती. दान आणि एक्स-रे या दोन मागण्यांवर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढे लिहिले तरी चालेल.

कळावे,
आपला,
एक मराठी नागरिक